नववा खिसा

११ ऑगस्ट

धाकट्या, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, हुकूमच. ‘दादा, पाल्हाळ नको. पोरीचा अभ्यास कसा चाललाय तेवढं लिही.’ तू जहाजाच्या इंजिनखोलीत पाइप जोडणारा माणूस, तुला सगळं जेवढ्यास तेवढं लागतं. मी शिंपी. आत थोडं जादा कापड ठेवल्याशिवाय मला शिवताच येत नाही. तेव्हा पाल्हाळ येणार, गोड मानून घे.

अभ्यास चालू आहे. पहाटे उठते, अधिकाऱ्याच्या परीक्षेच्या क्लासला जाते, तिथून कॉलेज. वजन थोडं उतरलंय, पण तुझ्या वहिनीला ते दर महिन्याला उतरलेलंच दिसतं, म्हणून तू काळजी करू नकोस. मी तिला अजून भिंगरीच म्हणतो. तिची आई गेली तेव्हा आमच्याकडे आली ती पायाला भिंगरी लावून, ती अजून निघालेली नाही.

तू निघालास त्या सकाळचा विषय ती काढत नाही. ‘अधिकारी नाही व्हायचं, तर काय माझ्यासारखी पाना घेऊन फिरणार?’ असं तू म्हणालास, आणि तिनं विचारलं, ‘पाना काय वाईट आहे?’ तू ताटावरून उठलास. परीक्षा दिल्याशिवाय हिच्याशी बोलणार नाही म्हणालास आणि खरंच बोलला नाहीस. आपल्या घरात शब्द पाळणारे फार, मागे घेणारा एकही नाही. पण एक सांगतो. तुझ्या चहाच्या कपात कुणी चहा घेतला तर तिला अजून चालत नाही. परवा वहिनीनं चुकून घेतला, तर तिनं तो धुऊन फळीवर उलटा ठेवला.

कॉलेजात यंदा एक नवीन खूळ निघालंय. समाजशास्त्राच्या बाईंनी मुलांचे गट केलेत. प्रत्येक गटानं समाजातला एक प्रश्न निवडायचा, वर्षभर अभ्यास करायचा आणि शेवटी अहवाल द्यायचा. सोबत प्रत्येकानं एक पान लिहायचं, मी पुढे कोण होणार. हिच्या गटात तिघं. एक उंच मुलगा, तो दारातून आत येताना नेहमी कपाळ सांभाळतो, एक चष्मेवाली, आणि ही. बैठका आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर. मी मशीन चालवत ऐकत असतो. बॉबिन भरायला एरवी मिनिट लागतं, हल्ली मला फार वेळ लागतो.

उंच म्हणाला, ‘आपला प्रश्न बेकारी. मला बँकेत लावा, एकानं कमी होईल.’

चष्मेवाली म्हणाली, ‘भ्रष्टाचार घेऊया. मी पत्रकार होऊन सगळा बाहेर काढते.’

‘आणि मग?’

‘मग परदेशात जाते. इथं कोण राहू देणार?’

भिंगरी पेनाचं टोपण उघडत-मिटत होती. तिच्या पानावर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. खरं तर ते कोरंच होतं.

शेवटी व्यसनाधीनता ठरली, कारण त्यावर छापील प्रश्नावली तयार मिळते. ती घेऊन तिघं मंडईत गेली. भर उन्हाचं. भाजीवाल्या मावशीला प्रश्न विचारता विचारता हिनं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. मावशी म्हणाली, ‘नको बाई.’ शेजारच्या फुलवालीला विचारलं, ती म्हणाली, ‘नको.’ तिच्या पलीकडची कापडाचे तुकडे विकते, तीही नको म्हणाली. उंचानं बाटली घेऊन गटागटा रिकामी केली, तेव्हा मावशी त्याला म्हणाली, ‘पी बाबा, तू पी. तुला भिंत आहे.’

झालं. प्रश्नावली बाजूला पडली. आता यांचा विषय: मंडईतल्या बायका पाणी का पीत नाहीत.

तब्येत जप. सकाळच्या प्रार्थनेत तुझ्या जहाजाची आठवण असते.

तुझा दादा


२४ सप्टेंबर

धाकट्या, आशीर्वाद.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. ‘मंडई पुरे. अभ्यास?’ बरं, अभ्यास.

भिंगरी सध्या पाण्यावरचं एक जाड पुस्तक वाचते आहे. आकृत्यांसकट. रोज संध्याकाळी क्लासला जाते, एक दिवस चुकवत नाही. तिथले शिकवणारे तिच्यावर खूश आहेत, मी स्वतः जाऊन विचारून आलो. घरी आली की हात खसाखसा घासून धुते आणि पुन्हा पुस्तक घेऊन बसते. इतक्या मनानं शिकताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

वहिनी हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचते आहे. म्हणाली, ‘लिहा, लिहा. खरं बोलता ना तुम्ही? फक्त बेतून.’ तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मंडईचं थोडंसं लिहितो, विचारलं नाहीस तरी. तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. (वहिनी म्हणते, मुतारी म्हणा सरळ, जहाजावर काय लाजायचं.) बांधलेलं चांगलं आहे, फरशी आहे, दारं आहेत, बाहेर नाव कोरलेली पाटीसुद्धा आहे. पण आतला पाइप गळायला लागला की पालिकेचा माणूस येतो, आतल्या बायकांना बाहेर काढतो, तेवढ्यात बायका आरडाओरडा करतात, तो वैतागून जातो. मंडई बंद झाल्यावर ये म्हटलं तर त्याची वेळ संपलेली असते. असं चार-सहा वेळा झालं आणि मग कुणीतरी कुलूप लावलं. कुणी लावलं ते कुणालाच ठाऊक नाही. किल्ली मात्र सगळ्यांना वाटतं दुसऱ्याकडे आहे.

मुलांनी पालिकेत अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला म्हणे आणि विचारलं, ‘अक्षर कुणाचं? फार छान आहे.’

बाकी मी मजेत. लग्नाचे दिवस नाहीत, त्यामुळे काम बेताचं. कॉलेजच्या कामासाठी म्हणून भिंगरीनं माझ्याकडून एक पँट शिवून घेतली, जाड कापडाची, आठ खिसे असलेली. एक खिसा मांडीवर लांबट, त्यात काहीतरी लांब वस्तू उभी राहिली पाहिजे म्हणाली. गुडघ्यावर दुहेरी कापड. एवढी वर्षं शिवतोय, असं काम पहिल्यांदा केलं. मजा आली.

तुझा दादा


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

‘अभ्यासाला आठ खिसे कशाला?’ असं तू विचारलंस. तुला तेवढीच एक ओळ पुरली, आणि मला ती वाचून दोन दिवस कात्री धरवली नाही.

बस, सांगतो. खाली बसून वाच.

तिनं अधिकाऱ्याचा क्लास सप्टेंबरातच सोडला. फी त्यांनी बरीचशी परत केली, ती तुझ्या खात्यात भरली आहे. फेब्रुवारीतली परीक्षा ती देणार नाही. संध्याकाळचा क्लास म्हणजे नळकामाचं प्रशिक्षण. जाड पुस्तक त्याचंच. पालक म्हणून सही माझी आहे.

मी तुला जे लिहिलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सही करताना मी तिला तेच बजावलं होतं, ‘मी तुझ्या बापाला खोटं लिहिणार नाही.’ ती म्हणाली, ‘खोटं नकोच, काका. फक्त पहिलं काम माझ्या हातून पुरं होऊ दे, मग मी स्वतः सांगते.’ मला ते पटलं. मग मी रोज सकाळी देवासमोर बसून आदल्या दिवसभरात काय घडलं ते आठवायचो, आणि त्यातलं तुला चालेल तेवढं वेगळं काढायचो. वाक्य न् वाक्य खरं निघायचं. पण डोळे मिटले की मन काही स्थिर होईना. देवाला वाक्यं मोजायची नसतात, धाकट्या. त्यानं अख्खा सदरा एका नजरेत पाहिलेला असतो. तिला दिलेला शब्द मोडतोय हे मी तिला आज सकाळी सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, ‘किती दिवस निघाले! मला वाटलं होतं तुम्ही पहिल्याच पत्रात पकडले जाल.’

आता तू मला हव्या त्या शिव्या दे. पण आधी ती तिथं काय करते ते ऐक.

वर्गात ही एकटी मुलगी. शिकवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणतात. बुटके, पोट सुटलेले, बोलताना हातातला पाना खडूसारखा हवेत फिरवणारे. पहिल्या दिवशी एका पोरानं हिला विचारलं, ‘ताई, नळ दुरुस्त करणार की पाणी भरणार?’ ही म्हणाली, ‘आधी तुझं नाक दुरुस्त करते, सकाळपासून गळतंय.’ पोराला खरंच सर्दी होती. तेव्हापासून ते पोर तिला वॉशर काढून देतं.

मी विचारलं, ‘भिंगरे, तू अधिकारी झालीस तर अशी शंभर कुलपं उघडायला लावशील. एक नळ जोडून काय होणार?’ मला वाटलं, प्रश्न मोठा बिनतोड आहे. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, ‘काका, ते कुलूप अधिकाऱ्यानंच उघडायचं होतं ना? आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा तोही म्हणाला, माणूस पाठवतो. माणूसच नाहीये. म्हणजे बाईमाणूस. मंडई चालू असताना आत जाऊन काम करू शकेल असं कुणी नाहीच. मग मी अधिकारी होऊन कुणाला पाठवू?’

 तुला उत्तर सुचलं तर कळव.

त्यांच्या बाई दुकानात येऊन गेल्या. काळजीत होत्या. ‘काका, प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितला होता हो. अहवाल द्यायचा होता. ही तर प्रश्नच घरी घेऊन आली.’ मग माझ्यासमोरच हसल्या आणि एक ब्लाउज टाकून गेल्या.

गल्लीत बोलतात. समोरची म्हणाली, ‘बापानं एवढं शिकवलं ते गटारं उपसायला?’ वहिनीनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, ते लिहिण्यासारखं नाही. पण आत आली आणि मला म्हणाली, ‘अहो, मलाही वाईट वाटतंच. रात्रंदिवस पुस्तकं वाचणारी पोर. हातांचं काय करून घेतलंय.’ मग तिनं तेलाची बाटली काढून ठेवली. रोज लावते तिच्या हातांना. 

तू रागावणार. रागाव. पण मला उत्तर पाठव.

दादा


२० डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. ‘दादा, माझा हात विसरलास?’

मला वाटलं होतं तू लाजेचं लिहिशील. लोक काय म्हणतील, खलाशाची पोर खलाशीच निघाली, असं काहीतरी. त्याला मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली टोकदार. सगळी वाया गेली.

विसरलो नाही. वाफेचा पाइप फुटला तेव्हा तू कुठल्या तरी लांबच्या बंदरात होतास आणि आम्हाला महिन्यानं कळलं. तू परत आलास तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी होती. तुला सदऱ्याच्या उजव्या बाहीचं बटण लावता येईना, ते डाव्या हातानं लावावं लागतं. माझ्यासमोर तू दातांनी ओढून पाहिलंस, मग हसलास आणि बाही दुमडून टाकलीस. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक सदऱ्याची उजवी बाही मी मनगटाशी दोन बोटं रुंद ठेवतो आणि बटणाच्या जागी हूक लावतो. डाव्या बाहीला बटणच. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. आपल्या दोघांचं बोलणं ते तेवढंच.

आता कळलं मला. तू तिला अधिकारी करत नव्हतास, तू तिला वाफेपासून लांब नेत होतास.

तिला काय ठाऊक आहे? तू लहानपणी तिला सांगितलंस की माशानं चावलं. कितीतरी वर्षं तिनं मासा पाहिला की पाय आखडून घेतले. मोठी झाल्यावर तिला कळलं असणार की मासा नव्हता, पण तिनं विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही. ते माझं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी तिनं विचारलं, ‘बाबा काय म्हणतात?’ मी म्हटलं, ‘तुझी काळजी करतात.’ हेही खरंच होतं. पण मला आता बेतलेल्या खऱ्याचा कंटाळा आलाय, धाकट्या. थकलो मी तुमच्या दोघांच्या मधे अस्तर होऊन.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. ती सात-आठ वर्षांची असेल. तू सुट्टीवर होतास. मोरीतला नळ टपटपत होता, तू तो उघडून सगळे भाग फडक्यावर ओळीनं मांडलेस. ही शेजारी उकिडवी बसून. तू एक एक भाग उचलून म्हणायचास, ‘हा कोण?’ आणि ती नाव सांगायची. नाव चुकलं की तू तो भाग रुसल्यासारखा फडक्याखाली लपवायचास. ती इतकी हसायची की वहिनी चुलीपाशचं काम टाकून बघायला आली. तू जहाजावर गेल्यावर तिनं एकटीनं तो नळ पुन्हा उघडला. घरात गुडघाभर पाणी झालं. मी तिला ओरडलो, तर म्हणाली, ‘काका, मला फक्त सगळ्यांना भेटायचं होतं.’

तिला कुणी बिघडवलं असं तू विचारलंस तर माझं उत्तर हे आहे.

तिला लिही. मला नको, तिला.

दादा


९ फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, तरी लिहितो, कारण यावेळी निरोप माझा नाही.

परीक्षा परवा होऊन गेली. त्या सकाळी भिंगरी उठली, अंगणात बराच वेळ बसली, मग आठ खिशांची पँट घालून उस्तादांबरोबर मंडईत गेली. पालिकेनं परवानगी दिली होती. त्याच कारकुनानं फाइल पुढे सरकवली, ज्याला अक्षर आवडलं होतं. चष्मेवाली रोज जाऊन त्याच्या टेबलासमोर बसत होती, त्याचाही काही भाग असेल. ती आता म्हणते, पत्रकार होण्याचा सराव झाला.

उस्ताद दाराबाहेर स्टूल टाकून बसले. ते आत जाऊ शकत नव्हते. मंडई चालू, बायका येत-जात. ही एकटी आत. ते बाहेरून विचारायचे, ‘काय दिसतंय?’ ही आतून सांगायची. फुलवाली मधेच डोकावून म्हणायची, ‘चांगलं चाललंय हो, मास्तर, पोरगी वाकलीय.’ दुपारपर्यंत जुने सडलेले पाइप निघाले, नवे बसले. मी दुकान बंद करून गेलो होतो. मावशीनं मला तिच्या पालथ्या पाटीवर बसायला जागा दिली.

शेवटी उस्तादांनी बाहेरून वरचा मोठा नळ उघडला. आतून आवाज आला, पाणी आल्याचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरा आवाज आला. काहीतरी चिरल्यासारखा. मग पाणीच पाणी. दारातून बाहेर, पायरीवरून खाली, मावशीच्या भाजीच्या पोत्यांखालून, फुलवालीच्या टोपल्यांतून. लोक पाय उचलून पळाले. कुणीतरी ओरडलं, ‘घ्या! आता प्या पाणी!’ सगळी मंडई हसली.

तिनं जोड फार आवळला होता. पितळेचा नळ, प्लास्टिकचा जोड. गळू नये म्हणून तिनं जीव खाऊन आवळला, आणि तो पेचाच्या आट्यांपाशीच चिरला. गळेल या भीतीनं फुटला.

ओल्या कपड्यांनी घरी आली. वहिनीनं टॉवेल दिला तर घेतला नाही. मला वाटलं आता म्हणेल, बाबांचंच बरोबर होतं. मी, खरं सांगायचं तर, क्षणभर तशी वाटही पाहिली. सोपं झालं असतं सगळ्यांचं.

ती म्हणाली, ‘काका, किती आवळायचं हे कळतं कसं?’

मी म्हटलं, ‘उस्ताद काय म्हणाले?’

‘ते म्हणाले, हाताला कळतं. पण माझ्या हाताला कळलं नाही ना! त्यांना ते सांगता येत नाही.’ मग म्हणाली, ‘बाबांना विचाराल? ते नाव सांगायचे प्रत्येकाचं. त्यांना सांगता येईल.’

मी म्हटलं, ‘तूच लिही.’

‘ते माझ्याशी बोलत नाहीत.’

‘प्रश्न विचारायला बोलणं कशाला लागतं?’

सोबत तिनं काढलेलं चित्र आहे. कुठे चिरलं तिथं बाण दाखवलाय. खाली प्रश्न तिच्याच हातचा आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही. घर सोडून निघालास त्यानंतर तिनं तुला विचारलेली ही पहिली गोष्ट. परीक्षेची अट पूर्ण झालेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण तू फिटर आहेस, आणि कुणाचा तरी सांधा गळतोय.

कुलूप पुन्हा लागलंय. यावेळी किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तिच्याकडे.

दादा


२८ मार्च

धाकट्या, अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं. माझ्या नावावर नव्हतं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं तेव्हा मी सवयीनं कात्रीनं कड कापायला निघालो होतो, मग नाव पाहिलं. टेबलावर ठेवलं. वहिनी तीनदा येऊन त्याच्याकडे बघून गेली. ‘जाड आहे,’ म्हणाली. ‘भावोजींच्या हातून एवढं लिहून झालं?’ मी म्हटलं, ‘उजव्या हातानंच लिहितो की तो.’ तर मला म्हणाली, ‘हातामुळे राहिलं होतं का लिहायचं?’

भिंगरी आली, घेतलं, आणि गच्चीवर गेली. जेवायला हाक मारली तरी खाली आली नाही. मी वाचलेलं नाही आणि विचारलंही नाही. जे कळलं ते असं.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिघंजण बसली होती तेव्हा तिनं त्यातला एक तुकडा त्यांना वाचून दाखवला. मी मशीन थांबवलं नाही, फक्त हळू केलं. ‘आधी नुसत्या हातानं घट्ट. मग पान्यानं एक फेरा. त्यानंतर अजून थोडं आवळावं असा मोह होतो. तिथं थांबायचं. सांधा आपल्या जोरावर धरत नाही, तो बसवलेल्या आट्यांवर धरतो. त्यावर विश्वास ठेवून पाना खाली ठेवायचा. मला हे शिकायला फार वर्षं लागली, आणि काही ठिकाणी अजून जमलेलं नाही.’

उंच म्हणाला, ‘हे नळाबद्दल आहे ना?’

चष्मेवालीनं त्याला कोपरानं ढोसलं.

दुसरं असं की, संध्याकाळी दिवेलागणीला ती दुकानात आली. तुझ्यासाठी शिवायला घेतलेला निळा सदरा खुंटीला होता. तिनं त्याची उजवी बाही हातात घेतली. हूक उघडला, लावला, पुन्हा उघडला. मग डाव्या बाहीचं बटण पाहिलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काका, मासा केवढा होता?’ आणि हसली, आणि मग हसली नाही. म्हणजे तू तिला लिहिलंस. बरं केलंस.

परवा तिनं जोड बदलला. यावेळी मंडईत कुणाला सांगितलं नव्हतं, उस्ताद आणि मी, बस. उस्ताद स्टुलावर, मी मावशीच्या पाटीवर. आत बराच वेळ पाना खटखटत होता. मग तिचा आवाज आला, ‘उघडा.’ उस्तादांनी वरचा नळ उघडला. आम्ही सगळे पायरीकडे बघत राहिलो. पायरी कोरडी राहिली. अजून राहिली. ती बाहेर आली, तिनं पाना मांडीवरच्या खिशात उभा ठेवला आणि किल्ली मावशीच्या हातात दिली.

मावशीनं किल्ली कमरेला खोचली. गिऱ्हाइक उभं होतं, त्याला म्हणाली, ‘थांब जरा.’ आणि फुलवालीला हाक मारली, ‘ए, तांब्या दे गं.’ भर दुपारी, भर मंडईत, सगळ्यांच्या देखत तिनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली आणला नाही. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिनं पुसलंही नाही. माझ्या ओठांवर त्या वेळी जे आलं ते रोजच्या प्रार्थनेतलंच होतं, पण रोज मी ते असं म्हणत नाही.

अहवाल बाईंना दिला. बाईंनी त्यावर काय लिहिलं ते मुलं सांगत नाहीत, म्हणजे चांगलंच असणार. ‘मी कोण होणार’ हे पान भिंगरीनं भरलं, एकाच शब्दात भरलं म्हणे, बाईंनी कमीत कमी दोनशे मागितले होते. बाजूच्या मंडईतून निरोप आलाय, तिकडेही असंच एक कुलूप आहे. बसस्थानकावरचं तिसरं. उस्ताद म्हणतात, ही पोरगी मला स्टुलावरून उठू देत नाही. उंच काल म्हणाला, ‘काका, बेकारी एकानं कमी झाली. पण ती मी नाही.’ त्याला मी चहा पाजला.

तू तिच्यावर अजून थोडा रागावलेला असशील, ते मला चालेल. सुट्टीवर आलास की समोरासमोर राग. निळा सदरा तयार आहे. कप फळीवर उलटाच आहे.

एक गोष्ट राहिली. काल भिंगरीनं ती पँट माझ्या टेबलावर टाकली. ‘काका, आणखी एक खिसा पाहिजे. आतल्या बाजूनं. पाणी लागता कामा नये.’

आठ खिसे कमी पडले का, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात तिनं मापासाठी म्हणून घडी घातलेला जाड कागद पुढे केला. घडीच्या कडेला तुझं डावीकडे झुकणारं अक्षर दिसत होतं. मी टेप लावली, खडूनं चौकोन आखला, आतून मेणकापडाचं अस्तर धरलं, वर झाकण आणि एक बटण.

कागदाच्या नेमक्या मापाचा मात्र बेतला नाही. बराच मोठा ठेवलाय. भरायचं काम आता तुझं.

तुझा दादा